तीनशे वीस मिलिमीटर

डेटलेफ व्होलराबने एक बस उभी चिरली,
कागदावर, सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात, ब्रेमेनमध्ये,
आणि तिच्या पोटात काय काय आहे ते मोजत बसला.
चाकांना जोडणारा आस,
आसावर गिअरचा गोळा, गोळ्यावर फळी, फळीवर रबर.
रस्त्यापासून आठशे पन्नास.
म्हणजे तीन पायऱ्या.

तिसऱ्या पायरीवरची एक बाई त्याच्या ओळखीची होती.
फ्राऊ ओल्टमान्स, गुरुवारच्या बाजाराची.
आधी काठी आत जायची, मग बटाट्यांची पिशवी,
मग एक हात दांड्यावर. मग नुसतं थांबणं.
ड्रायव्हर आरशात बघायचा, मग घड्याळात.
"हो, हो, आलेच," ती म्हणायची,
जणू बसच तिच्या दारी आलीय
आणि कडी काढायला हिलाच उशीर होतोय.

पायरी खोडरबराने जात नाही.
इथे खोडली की तिथे उगवते.
इंजिन मागच्या कोपऱ्यात कपाटासारखं उभं केलं,
तर मागची खिडकी गेली.
चाकं होती तेवढीच राहिली,
मग त्यांची कुबडं आत आली,
आणि त्या कुबडांवर चार माणसं
पाठीला पाठ लावून बसवावी लागली.
आस मधोमध खाली वाकवला,
गोळा एका कडेला ढकलला.
तीन आठवडे, आणि किती कप गार कॉफी.
तरी शेवटच्या बाकांपाशी एक चढ उरलाच.
साहेबांनी त्यावर बोट ठेवलं.
तो म्हणाला, उंची संपत नाही हो,
ज्यांना पेलेल त्यांच्याकडे सरकवलीय.

दारापाशी तीनशे वीस.
थांब्यावर उजवीकडची हवा सोडली की
आणखी सत्तर कमी.
या युक्तीला गुडघे टेकणं म्हणतात.
माझ्या भाषेत ती हरल्याची खूण.
मी ते दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे आणतो:
अकरा टनांचं धूड
एक लांब उसासा टाकून
फुटपाथकडे कलतं,
आणि कुणीही जिंकलेलं दिसत नाही.

चाचणीचा गुरुवार. पाऊस नव्हता, धुकं होतं.
फ्राऊ ओल्टमान्सने सवयीनं पाय उचलला,
उंच, तीस वर्षांचा सराव असलेला पाय,
आणि तो नसलेल्या पायरीवर ठेवला.

पडली नाही. पण पिशवी कलंडली.
बटाटे निघाले सपाट जमिनीवरून,
कुणाच्या बुटांना शिवत, एका बाबागाडीखालून,
थेट मागे,
आणि त्या उरलेल्या चढाशी जाऊन थांबले.

"पायरी कुठे गेली?" ती त्याच्यावरच खेकसली,
कारण हातात मोजपट्टी घेऊन तोच उभा होता.
त्याने मागे बोट दाखवलं.
तिथे शाळेतली एक पोरगी
वाकून बटाटे गोळा करत होती.

रात्री त्याने वहीत लिहिलं:
मापं बरोबर.
दाराच्या काठाला पिवळी पट्टी हवी.
पाय अजून जुन्या बसमध्ये चढताहेत.