उद्यमबाग, पावणेतीन

प्रॉक्सी परत मेला.
लॉगात शेवटची ओळ: मेमरी संपली.

गेल्या महिन्यात डिस्क मीच वाढवली;
साठू दे म्हटलं, होस्टेलच्या पोरांना पानं लवकर उघडतील.
साठलेलं डिस्कवर गुमान पडून असतं.
कुठं काय ठेवलंय, त्याची यादी
रॅममध्ये बसते
आणि खात सुटते.

"साकु री, कॅश निम्मी करा,"
फोनवर शिवलीला, झोपेतच.

केली. रीस्टार्ट.
आलेख धपकन खाली, मग सावकाश चढू लागला.
चढू दे, आता थांबेल.

स्कूटरवरून घरी जाताना
खडे बाजारातली उठून गेलेली दुकानं
मी ओळीनं म्हणत राहतो:
घड्याळवाले बिर्जे, रॉकेलचा भरमू,
दारातच पान थुंकणारा सौदागर.
कुणी मागत नाही यांतलं काही.

इथला आकडा निम्मा करायला
फाईल सापडत नाही.