अहोय

दांडिया बाजारात वरच्या मजल्यावर चेक बिऱ्हाड आलं,
कारण मकरपुऱ्याच्या कारखान्यात एक मशीन
खोक्यातून निघायलाच तयार नव्हतं.
ते बसवायला आलेला साहेब उंच, अबोल.
बायको लुदमिला. तिची हिंदी पुस्तकातली,
माझी भाजीवालीकडून शिकलेली.

पहिल्याच सकाळी जिन्यात गाठ पडली.
हातातली बादली खाली ठेवून, नीट उभी राहून,
माझ्या डोळ्यांत बघत ती म्हणाली,
दोब्री देन.
मला वाटलं, काही देणं मागतेय.
म्हटलं, दूधवाला ना? तो महिन्याच्या महिन्याला घेतो.

मग कळलं. चांगला दिवस. एवढंच.
पण हे एवढंच ती कुणाला चुकवायची नाही.
पोस्टमनला, भंगारवाल्याला,
लीलो चेवडो बांधून देणाऱ्या पोराला,
आणि दवाखान्यात शिरतानाच
बाकावरच्या सगळ्यांना मिळून एक, मोठ्यानं.
रतिलाल वैद्यांचे रोगी आधी दचकले,
पुढच्या खेपेस खोकत खोकत म्हणू लागले, केम छो.

तिनं विचारलं, तुम्ही काय म्हणता, कुणी आलं की?
मी म्हटलं, जेवलात का.
ती काळजीत पडली.
आणि नाही जेवले म्हणाला तर?
तर पान वाढायचं.

एकदा भर दुपारी ती जिन्यावरून ओरडली, अहोय!
आणि आमच्या घरातून ओ गेली.
हे उठले, चष्मा सापडेना,
एका पायात चप्पल घालून दारात हजर.
वर लुदमिला, खाली हे,
मधे तिची मैत्रीण, टोपी हातात घेऊन अवघडलेली.

अहोय म्हणे खलाशांचं. त्यांच्या देशाला समुद्र नाही,
तरी घरोघर तेच.
भावाला, शाळेतल्या मैत्रिणीला, ज्याला तू म्हणतो त्याला.
परक्याला चुकूनही नाही.
मी पोळी लाटता लाटता थांबले.
माझं अहो तर नेमकं उलट्या टोकाला बसलेलं,
पाट मांडून, पाठ ताठ करून.
मधे अंतर एका य चं.

तू आणि तुम्ही त्यांच्यातही आहे.
तुम्हीवरून तूवर उतरायचं तर रीतसर विचारावं लागतं,
आणि विचारायचं थोरलीनं.
ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी.
अकरा महिने तिनं काढले.
मग एका संध्याकाळी ताकाचे दोन पेले घेऊन आली,
पेल्याला पेला लावला, हात पुढे केला,
आणि जणू आजच भेटतोय तशी म्हणाली,
मी लुदमिला.
मी प्रमिला, म्हटलं. घसा का दाटला कोण जाणे.

हाक मारताना त्यांच्यात नाव वाकतं.
मी प्रमिलो झाले.
आमच्यातही वाकतं, म्हटलं, आणि तिला लुदमिले केलं.
प्रमिले म्हणणारी माझी आई तेव्हा जाऊन
दोन वर्षं झाली होती.

मशीन चालू झालं. स्टेशनवर हमाल म्हणाला, आवजो.
साहेब म्हणाला, ना स्ख्लेदानोउ, म्हणजे परत दिसेपर्यंत.
ती डब्याच्या दारात, एवढी शिकवलेली, पक्की,
जाते म्हणाली नाही.
येते, म्हणाली.
आली नाही. सात जानेवाऱ्या कार्डं आली,
मग तीही नाहीत.

आता यांना ऐकू कमी येतं.
काल तीनदा अहो म्हटलं, पेपर हलला नाही.
भाजी करपत होती. तोंडातून कसं निघालं,
अहोय!
पेपर खाली आला.
चष्म्यावरून माझ्याकडे बघत, अगदी अदबीनं,
दोब्री देन, म्हणाले.

हसले मी. गॅस बंद केला.
हे माझ्याहून सहा वर्षांनी थोरले.
विचारायचं यांनीच असतं.
बघू.