गाठ क्रमांक सात

ब्लॅकफर्ड टेकडीवरची खोली शुक्रवारपर्यंत रिकामी करायची आहे.
ऑफिसनं चौदा खोकी दिलीत, चिकटपट्टीची दोन रिळं,
आणि रखवालदार टॅम बिथेल तासातासाला डोकावतो,
"झालं का, डॉक्टर?"
एकतीस वर्षांत त्याला माझं आडनाव जमलेलं नाही.
मलाही त्याची बोली निम्मीच कळते. आमचं बरं चाललंय.

खालच्या कपाटात टेप निघाल्या,
हवाईच्या डोंगरावरून आणलेल्या, वर माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या:
वृषभ, गाठ सात, नोव्हेंबर. हवा वाईट.
वृषभ, गाठ सात, जानेवारी. हवा बरी, यंत्र बिघडलं.
त्या वाचणारं यंत्र आता या इमारतीत नाही,
बहुधा या देशातही नसेल.

लोकांना वाटतं मी दुर्बिणीला डोळा लावून बसते.
एडिंबरात समुद्रावरून धुकं चढतं
तेव्हा किल्लासुद्धा दिसत नाही, तिथे तारा कुठला.
तसे मला दिसणारे तारे नकोच होते.
आकाशाला भोक पडल्यासारखं काळं दिसतं
तिथे धूळ असते, उणे दोनशे त्रेसष्ट अंशांची.
त्या धुळीची ऊब मोजायची. एवढंच काम.

पहिल्या हिवाळ्यात मार्चमाँटच्या खोलीत दही लागेना.
स्वेटरात गुंडाळलं, हीटरपाशी ठेवलं,
विरजण हलवायचं नसतं हे ठाऊक असून
रात्रीतून चारदा उठून भांडं तिरकं करून पाहिलं.
त्याच वर्षी मी गाठ सात निवडली.

ढगात गाठी पुष्कळ पडतात. बऱ्याचशा विरतात.
आतला वारा घुसळतो, चुंबकीय धागे धरून ठेवतात,
शंभर भाग ढगातून तारे होतात दोनचार भागांचे.
तारे कसे होतात, हे सगळे विचारतात.
मी विचारत राहिले, इतके कमी का होतात.
या प्रश्नाला अनुदान मिळायला नऊ वर्षं लागली.

सत्त्याण्णव साली लिहिलं: गाठ सात रिकामी आहे.
आत काहीही पेटलेलं नाही. बारा पानं, तीन आकृत्या.
त्याचे दाखले इतके दिले गेले की परिषदांत मला
"रिकाम्या गाठीवाली" म्हणून ओळखायचे.
त्यावर नोकरी पक्की झाली, घर घेतलं,
दोन लग्नं चुकवली,
एक बहिणीचं, एक माझं ठरत आलेलं.

मग रुअरी आला, ऑर्कनीचा,
कानात बाळी, हात सायकलच्या तेलानं कायम काळे.
चिलीतल्या नव्या दुर्बिणींचा डेटा घेऊन
एका मंगळवारी दारात उभा राहिला.
आत येईना.
कागदावर मधोमध एक ठिपका,
मोहरीएवढा.
"गोंगाट असेल कदाचित," तो म्हणाला.
त्याला माहीत होतं तो गोंगाट नाही. मला वाचवू बघत होता पोर.

दार लावून घेतलं. तीन तास
वेगवेगळ्या वाटांनी आम्ही तो ठिपका पुसू पाहिला.
बाहेर अंधार झाला, डिसेंबरात साडेतीनलाच होतो.
मग म्हटलं, लिही. पहिलं नाव तुझं.
आणि दुसऱ्याच परिच्छेदात घाल, आधीचा निष्कर्ष चुकीचा होता.
"चुकीचा" हा शब्द त्यानं तीनदा मऊ केला,
तीनदा मी परत घातला.

त्या रात्री बस सोडून दिली, चालत निघाले.
वीस वर्षं ज्या दारावर मी "कुणी नाही" अशी पाटी लावून ठेवली
त्याच्या आत कुणीतरी
अंगावर धूळ ओढून बसलेलं होतं.
हसू आलं. मग भूक लागली.
मग चिप्सच्या रांगेत थोडं रडू,
नंबर आला तसं तेही आवरलं.

टॅम परत आलाय. टेपांचं खोकं पायानं सरकवून बघतो.
"टाकायच्या?"
एक उचलतो, चिठ्ठी उलटीसुलटी करतो,
"काय लिहिलंय हे?"
हवा वाईट, मी सांगते.
तो खिडकीतल्या धुक्याकडे बघतो,
"खरंय," म्हणतो,
आणि टेप कोटाच्या खिशात घालतो.