रौबाइक्स

पिंजणयंत्राच्या कुशीला पितळी पाटी होती.
अप्पा ती चिंधीनं पुसत
आणि अक्षरं लावून वाचत : रौबाइक्स.
मुंढव्याच्या लोकर मिलमध्ये सगळेच तसं म्हणत.
मशीन अडलं की, "रौबाइक्स रुसलंय,
ढमढेरे मिस्त्रींना बोलवा."

त्रेसष्ट साली तिकडून एक फिटर आला, गुस्ताव.
आल्या आल्या नाव दुरुस्त केलं : रूबे.
मग क्स कुठं गेला? अप्पांनी खुणेनं विचारलं.
त्यानं खांदे उडवले.
बोलणं एवढंच. बाकीचं पान्यानं झालं.

जेवणाच्या सुट्टीत त्यानं फरशीवर
ग्रीसच्या बोटानं गाव काढलं :
वाहायचं विसरलेला एक कालवा,
विटांच्या घरांची रांग, मधे चौक, चौकात एकच नळ,
आणि धुराडी, धुराडी,
फरशी संपली तरी धुराडी.
डोंगर? नाही.
देऊळ? त्यानं भोंग्याकडे बोट केलं.
अप्पा म्हणाले, कळलं.

संध्याकाळी घोरपडीत
रझाक तांबोळीच्या गच्चीवरून कबुतरं सुटली
तसा तो भर रस्त्यात सायकलवरून उतरला.
पाकिटातून फोटो काढला.
बायकोचा असेल, वाटलं.
कबुतर होतं.

पुढं कितीतरी वर्षांनी एक कार्ड आलं.
चित्रातली धुराडी अप्पांनी मोजली,
फरशीवरच्यापेक्षा पुष्कळ कमी.
मागच्या दोन ओळी मिलमध्ये कुणालाच लागल्या नाहीत.
कार्ड टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटलं.
आमचा भोंगा थांबला त्या दिवशी अप्पा म्हणाले,
आता वाचायला नको, काय लिहिलंय ते दिसतंय.

यंत्र भोसरीला भंगारात गेलं, किलोच्या भावानं.
मिलच्या जागी बावीस मजले, नाव 'बेल व्ही',
वॉचमन त्याला बेलवी म्हणतो.
आमचं धुराडं ठेवलंय शोभेला, बुडाशी निळे दिवे.
मी बाल्कन्यांना जाळ्या लावतो,
कबुतरं येऊ नयेत म्हणून.
नायलॉन. पाच वर्षांची गॅरंटी.

परवा एकोणिसाव्या मजल्यावर
टूलबॉक्स उघडा राहिला.
त्या घरातला मुलगा शाळेत फ्रेंच शिकतो.
झाकणाशी वाकून त्यानं अडखळत वाचलं :
"डाव्या रुळाचं बेअरिंग आधी जातं.
लक्ष असू द्या."

मी थोडा वेळ खाली बघत राहिलो.
मग जाळीचा डावा कोपरा
पुन्हा एकदा आवळून घेतला.