आवृत्ती चार

पाणी आज पहाटे तीनला येणार, म्हणून जागा आहे.
आलं की मोटर लावायची, पिंप भरायचं,
तोवर ही यादी.

‘कांडी’च्या चौथ्या आवृत्तीत काय घ्यायचं, काय नाही.
मागण्या बेचाळीस. माणसं, धरून-बांधून, आम्ही पाच.
पगार कुणालाच नाही.

इरफान बागवान म्हणतो, वेग.
त्याने मोजून ठेवलंय, दुसऱ्यांपेक्षा आपण
अठरा मिलिसेकंद मागे.
म्हणजे किती, विचारलं,
तर म्हणाला, पापणी लवायच्या आत पाच-सहा वेळा.

मल्लिनाथला जुना कोड सगळाच फेकायचाय.
नवी रचना, नवं व्याकरण,
घडी न मोडलेल्या चादरीसारखं.
मलाही आवडतं. नवं कुणाला आवडत नाही?
पण दुसऱ्या आवृत्तीवर अजून
विडी कामगारांच्या एका सोसायटीचा हिशेब चालतो,
आणि तो ज्याने लिहिला तो पोरगा पुण्याला गेला,
नंबर बदलला.
आपण कुलूप बदलणार,
किल्ली त्यांच्याकडे जुनीच.

रेवती म्हणते, आधी माहितीपुस्तिका.
ती बरोबर आहे. ती गेली तीन वर्षं बरोबर आहे.
तिसऱ्या पानावर अजूनही
‘हे पान लवकरच’ एवढंच.

बाबा उठून बसलेत.
पस्तीस वर्षं रात्रपाळी; झोप निम्मी राहिली,
कान तर मागापाशीच राहून गेले.
“एम रा, एवढ्या रात्री?”
त्यांना मोठ्याने सांगावं लागतं,
आणि मोठ्याने सांगताना
माझंच मला जरा नीट ऐकू येतं.

सांगितलं: गायत्री गड्डम म्हणून एक मुलगी आहे,
विडी घरकुलात राहते,
मावशीच्या शेंगाचटणीसाठी दुकान बांधत होती, कांडीवर.
रात्रभर पान कोरं. चूक आहे म्हणत नाही,
नाही असंही म्हणत नाही.
सकाळी सापडलं. एक स्वल्पविराम.
तिने आम्हाला कळवलं, शिव्या नाहीत, काही नाही,
फक्त, “मला वाटलं मलाच जमत नाही.”

हे त्या बेचाळीसात नाही.
ही मागणी आहे
असं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

बाबा म्हणाले, चांगल्या मागाला
ताण्यावर पत्र्याच्या पट्ट्या असतात,
एकेका धाग्यावर एकेक, पिंपळपानाहून हलकी.
धागा तुटला की पट्टी पडते, माग थांबतो.
कुठली पडली ते बघायचं, गाठ मारायची.
नाहीतर माग आपला खडखडत राहतो
आणि दहा-बारा हात कापड फुकट.
“तुमच्या मागाला होत्या?”
“छे. महाग पडायच्या.
शेठ म्हणायचा, माणूस उभा आहे ना.”
मग चष्मा शोधत,
मला नाही, भिंतीला सांगितल्यासारखं,
“ती पट्टी मीच होतो.”

यादीच्या डोक्यावर लिहिलं:
तुटलं की थांबायचं.
कुठे तुटलं ते सांगायचं, साध्या भाषेत.
मराठीत, तेलुगूत, कन्नडात;
इंग्रजीत आहे म्हणतात,
पण ती कुठली इंग्रजी, देव जाणे.
त्याखाली: जुनी किल्ली चालली पाहिजे.
वेग पाचवा.
इरफान दोन दिवस बोलणार नाही.
तिसरं पान मी लिहीन.
(गेल्या वर्षीही हेच लिहिलं होतं, याच ओळीत.)

नळाला आधी हवा आली, खाकरल्यासारखी.
बाबा पिंपाचं झाकण काढायला गेले.
मी धावत जाऊन मोटर लावली,
दिवा एकदा मंद झाला, संगणक विझला,
आणि हातात ओली नळी धरून आठवलं,
यादी साठवलीच नव्हती.