माणशी पाच

बियाफ्रा, जानेवारी १९७०

माणशी पाच गोळ्या.
ओक्वुदिलीने मोजून दिल्या, वहीत मांडल्या.
युद्धाआधी तो शाळेत गणित शिकवायचा.

ओवेरी पडलं, मग पूल पडला,
मग पडलेल्या गावांची नावं कोणी घेईना.
कसाव्याच्या शेतात आम्ही पालथे,
हरमटान वाऱ्याची धूळ दातांत,
आणि आमच्या मागेच बायका
दोन तोफांच्या मधल्या वेळात कंद उपटत होत्या.

रात्री विमान आलं नाही.
धावपट्टीचे दिवे विझवायचं कुणाला सुचलं नाही.

सकाळी रेडिओवर नेहमीचं गाणं लागलं नाही.
तेवढ्यावरून कळलं.

"उरलेल्या परत करा," ओक्वुदिली म्हणाला.
मी तीन दिल्या.
त्याने वजाबाकी केली, खाली रेघ मारली,
सदरा काढून नीट घडी घातली
आणि उघड्या अंगाने
बायकांच्या ओळीत जाऊन बसला.