आठ पाऊणे सहा

दाभोळच्या मच्छीमार सोसायटीत,
बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत
मी एका प्रोग्रॅमला तारखा वाचायला शिकवते आहे.
आधी वर्ष, मग महिना, मग दिवस,
मधे डोलकाठीसारखा एक टी,
मग तास, मिनिटं, सेकंद.
शेवटी कधी अधिक साडेपाच, कधी नुसताच झेड.

दुपारपर्यंत संपेल, असं चेअरमनना सांगून बसले होते.

पहिल्याच फेरीत पडद्यावर:
'गजलक्ष्मी' निघाली चार दहाला,
परतली दोन पंचावन्नला. त्याच पहाटे.
प्रवास उणे सव्वा तास.
डिझेल उणे अकरा लिटर.

मथुरा खारवीण पासबुक घेऊन दारात उभी होती.
"म्हंजे मासळी इकून झाली,
आनि जाळा अजून घरातच?"
टोपली खाली ठेवून हसत सुटली.

झेड. मी तो गाळला होता,
बांगड्याचं शेपूट कापावं तसा.
वायरलेस बोलतो तिकडच्या शून्याच्या वेळेत,
नोंदवही इथल्या;
मधे साडेपाच तासांचं पाणी.

मग आलं सात, तिरकी रेघ, आठ.
प्रोग्रॅमने त्याचं केलं आठ जुलै
आणि बंदीत मासेमारी केली म्हणून
नऊ बोटींपुढे लाल खूण.
जैनुद्दीन होडेकर, एकतीस वर्षांचे कारकून,
चष्मा कपाळावर सारत म्हणाले,
"जुलैत बोटी शाकारून वर ओढलेल्या असतात.
हे त्याला कुणी सांगितलं नाही?"
नाही, चाचा. मीच नाही सांगितलं.

त्यांच्या जुन्या वहीत तर आकडेही नाहीत.
'अष्टमी. भांग. भरतीबरोबर आली.'
पडद्यावर: अवैध तारीख.
होडेकरांनी ते दोनदा वाचलं,
कुणी आपल्या अक्षराला नावं ठेवावीत
तसे गप्प झाले.
मग बोटांची पेरं मोजत:
"तिथीची पाऊणपट कर. आठ पाऊणे सहा.
सहाची भरती."

मी ती ओळ लिहिली. तिच्यात टी नाही, झेड नाही.
वर टीप टाकली: होडेकर पद्धत.
उद्या नवमी, विचारून पाहिलं.
उत्तर आलं, पावणेसात.

सकाळी साडेसहालाच धक्क्यावर जाऊन बसले.
पावणेसातला तिसरी पायरी भिजली.
सात वाजले,
पाणी अजून चढतच होतं.
"वीसेक मिनिटं इकडेतिकडे,"
मागून होडेकर म्हणाले,
"तेवढी दर्याची."